पेटीत सापडलेल्या गोळ्या आणि डॉक्टरांसमोरचं 'बरं हाय'

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातली. आमच्या आत्यांना म्हणजे सासूबाईंना नऊ वर्षं झाली शुगर आणि बीपी आहे, वय ६३. दर दोन महिन्यांनी मिरजेला दाखवायला नेतो. डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं की ह्या म्हणणार, बरं हाय. पुढचं सगळं आमचे हेच बोलतात. गेल्या दोन्ही वेळी बीपी आणि शुगर वाढलेली निघाली म्हणून डोस वाढवला. मागच्या वेळी डॉक्टर चिडले, ऐकायचं नसेल तर येता कशाला म्हणाले, मला पण राहवलं नाही आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेले की ह्या मिश्री लावतात, पथ्य पाळत नाहीत, लग्नात जिलेबी खाल्ली. तेव्हापासून आत्या माझ्याशी बोलत नाहीत. त्यात परवा पेटी आवरताना गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली, ढीगभर. म्हणून सोमवारपासून मी समोर बसून सगळ्या गोळ्या त्यांना देते. माझं चुकलं का? डॉक्टर बदलावा का? ह्यांचं म्हणणं दुसरीकडं दाखवू. आणि हो, पायाला अंगठ्याजवळ चप्पल लागून थोडं झालंय, पंधरा दिवस झाले, हळद भरतोय, दुखत नाही म्हणतात त्यामुळं त्याचं काही एवढं नाही."

अगं पोरी, तुझं चुकलं का ते आपण बघू सावकाश, पण आधी दोन गोष्टी आजच्या आज कर, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच, मग पुढचं वाच.

पहिलं म्हणजे पाय. शुगरच्या माणसाच्या पायाला जखम आहे, पंधरा दिवसात भरली नाही आणि दुखत नाही, हे तिन्ही एकत्र आलं की 'काही एवढं नाही' असं म्हणायचं नाही. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा बधिर होतात त्यामुळं दुखत नाही, रक्तपुरवठा कमी होतो म्हणून भरत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायानं रानात हिंडतो. मी नर्स म्हणून वॉर्डात काढलेल्या २८ वर्षांत असे पाय इतके बघितलेत की तुझी ती शेवटची ओळ वाचून हातातला चहा तसाच राहिला. हळद भरायची थांबव. आपण सांगलीकडची माणसं, हळद आपल्याला देवासारखी, पण उघड्या जखमेत भरली की खाली पू आहे का, जखम काळी पडली का, काहीच दिसत नाही. स्वच्छ पाण्यानं धू, स्वच्छ कापड बांध, अनवाणी फिरू देऊ नको, शेक देऊ नको (बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही), आणि उद्या सकाळी डॉक्टरांना दाखव. मिरजेला जमत नसेल तर तासगावात कुणाला तरी दाखव, पण उद्याच. आणि पाय सुजला, लाल झाला, वास यायला लागला किंवा ताप आला तर उद्याची पण वाट बघायची नाही.

दुसरं, गोळ्या. तू सोमवारपासून सगळ्या गोळ्या समोर बसून देतेस हे वाचून मला जास्त भीती वाटली. विचार कर, डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला तो कशावरून, तर आत्या गोळ्या घेतायत आणि तरी बीपी शुगर वाढतेय असं धरून. प्रत्यक्षात गोळ्या पेटीत होत्या. म्हणजे आता जो डोस कागदावर आहे तो आत्यांच्या अंगानं कधी बघितलेलाच नाही, आणि तू तो सोमवारपासून पूर्ण चालू केलास. आजच दवाखान्यात फोन लाव आणि एवढंच सांग की पेशंट बरेच दिवस गोळ्या घेत नव्हत्या, सोमवारपासून सगळ्या चालू केल्यात, आता काय करू. स्वतःच्या मनानं बंद पण करू नको, कमी पण करू नको, त्यांना विचार. तोपर्यंत गोळी घेऊन जेवण चुकलं असं एकदाही होऊ देऊ नको, आणि दरदरून घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी, बरळणं असं काही दिसलं तर शुद्धीवर असतील तोवर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नको, ठसका लागतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या वडलांना, दादांना, बीपी होतं. ते गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचे आणि डॉक्टरांना सांगायचे चालू आहेत की. दोन वर्षांत एका गोळीच्या तीन झाल्या. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते माझ्याकडं राहायला आले आणि मी, नर्स असलेली लेक, रोज सकाळी तिन्ही गोळ्या हातावर ठेवायची, समोर उभी राहून पाणी द्यायची. चौथ्या दिवशी पहाटे लघवीला उठले आणि अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. बीपी मोजलं तर वरचं नव्वद, म्हणजे फारच खाली गेलेलं. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं गं, त्यांनी समोर जे आलं त्यावर औषध दिलं. माझ्या दादांनी खोटं सांगितलं असं पण मला म्हणवत नाही, त्यांना वाटायचं डॉक्टरांना वाईट वाटेल, एवढ्या लांबून आलो आणि त्यांचं ऐकलं नाही म्हणून. नंतर ते काठीशिवाय कधी चालले नाहीत.

म्हणून मला तुला हेच सांगायचंय, डॉक्टरकडं जातो तेव्हा पेशंटचं काम फक्त हात पुढं करून बीपी मोजून घ्यायचं आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडायचं एवढं नसतं. आत काय चाललंय हे डॉक्टरांना दिसत नाही, त्यांना आकडे दिसतात. आकडा का वाढला ते आत्यांनाच माहीत. आणि ते त्यांनीच सांगायचंय, तू नाही, तुझ्या नवऱ्यानं पण नाही.

आता आत्यांनी गोळ्या पेटीत का टाकल्या ते विचारलंस का त्यांना? पत्रात कुठं दिसलं नाही. फुकट कुणी गोळ्या टाकत नाही, त्यात बाईमाणूस तर पैसे घालून आणलेली वस्तू कधीच वाया घालवत नाही, ह्यामागं काहीतरी आहे. मला माहीत असलेली कारणं सांगते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. आता तासगावातनं एसटीनं निघायचं, मिरजेत उतरून रिक्षा, मग दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दोन तास, अथणी जमखंडीकडनं आलेली माणसं पुढं बसलेली, आणि बाईला जायला धड जागा नाही. मग बाई काय करते, ज्या दिवशी डॉक्टरकडं जायचं त्याच दिवशी गोळी घेत नाही. आणि बीपी नेमकं त्याच दिवशी मोजलं जातं! मी कितीतरी बायका अशा बघितल्या, एकीनं पण आपणहून डॉक्टरांना हे सांगितलं नाही, लाज वाटते. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीनं काहींच्या पायाला सूज येते. काही गोळ्या आहेत, नाव 'प्रिल' नं संपतं त्या, त्यांनी कोरडा खोकला लागतो. मेटफॉर्मिननं पोट बिघडतं, जुलाब होतात, खास करून सुरुवातीला किंवा उपाशीपोटी घेतली तर. ह्या प्रत्येकावर डॉक्टरकडं तोड असते, गोळी बदलता येते, वेळ बदलता येते, जेवणासोबत घ्यायला सांगता येतं. पण पेशंट म्हणतो बरं हाय, आणि गोळी जाते पेटीत.

आणखी एक, उपवास. संकष्टीला गणपतीला जातात का, एकादशी, नवरात्र करतात का? शुगरची काही औषधं अशी असतात की ती घेऊन पोटात काही नसलं तर शुगर एकदम खाली येते. एकदा तसं झालं असेल, चक्कर आली असेल, तर बाई घाबरते आणि म्हणते ही गोळीच नको. कुणाला सांगत नाही कारण सांगितलं तर उपवास बंद करतील. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगायचं की मी महिन्यातून एवढे उपवास धरते, सोडणार नाही, त्या दिवशी गोळी कशी घ्यायची. बहुतेक डॉक्टर ह्यावर काहीतरी वाट काढतात.

मिश्रीचं सांगते. तुला वाटत असेल आत्यांनी ती डॉक्टरांपासून लपवली. मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या जुन्या बायकांना विचार, तंबाखू खाता का, त्या म्हणणार नाही बाई. कारण त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांची, चुना लावून दाढेखाली धरायची. मिश्री म्हणजे दात घासायचं. ती भाजलेली तंबाखूच आहे, तिच्यातलं निकोटिन हिरडीतनं रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी वाढतं, वर तोंडाच्या कॅन्सरचं भ्या आहेच, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं असेल तर प्रश्न होता एक, आत्यांनी उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं. म्हणून पुढच्या वेळी त्यांनी स्वतः म्हणावं, डॉक्टर मी मिश्री लावते, दिवसातनं चारदा, तोंड बघा जरा माझं. सोडायला वेळ लागेल, पण तोंड तरी तपासून होईल.

आता तुझ्या प्रश्नावर येते, चुकलं का. जे सांगितलंस ते खरं होतं आणि डॉक्टरांना कळायला हवंच होतं. पण कसं सांगितलंस? लेक समोर, कंपाउंडर समोर, दारात पुढचा पेशंट उभा, आणि सून म्हणते ह्यांनी जिलेबी खाल्ली. ६३ वर्षांची बाई, जिनं घर चालवलं, तिला त्या खोलीत शाळेतल्या पोरासारखं उभं केलं गं. त्यात डॉक्टर आधीच ओरडलेले. मी त्यांच्या जागी असते तर मी पण बोलले नसते. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला पत्रावरून कळतंय, काळजीनं बोललीस, तेच त्यांना सांग. फार काही नको, चुलीपाशी बसल्यावर म्हण की आत्या, तिथं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी, माझं चुकलं. मग पेटीतल्या गोळ्यांचा विषय काढ, पण ओरडून नाही, 'कुठली गोळी सोसत नाही तुम्हाला' असं विचार. 'का घेत नाही' विचारलंस तर त्या गप्प बसतील, 'कुठली सोसत नाही' विचारलंस तर सांगतील. हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, वॉर्डात पण असंच विचारायचे मी.

तुझ्या नवऱ्याला पण सांग, आईच्या वतीनं बोलायचं थांबवा. डॉक्टर विचारतात झोप लागते का, हे म्हणतात लागते. अहो तुम्हाला कसं माहीत, तुम्ही माळवदावर झोपता! आणि काही गोष्टी बाई लेकासमोर कधीच काढणार नाही. शुगर वाढली की खालच्या बाजूला खाज सुटते, लघवीला जळजळ होते, खोकलताना लघवी सुटते, हे ती पोरासमोर बोलेल होय? त्यामुळं आधी त्यांना आत्यांसोबत आत जाऊ दे, मग दोन मिनिटं बाहेर थांबायला सांग, तू थांब किंवा आत्यांना नको असेल तर तू पण बाहेर जा. डॉक्टर पुरुष असतील आणि आत्यांना अवघड वाटत असेल तर तिथल्या सिस्टरला हळूच सांगितलं तरी चालतं, आम्ही ते आत पोचवतो.

वेळ कमी असतो हे मला मान्य आहे. २०१७ साली जगातल्या ६७ देशांची आकडेवारी गोळा करून एक अभ्यास झाला होता, पेशंटला डॉक्टर किती वेळ मिळतो त्याचा, स्वीडनमध्ये बावीस मिनिटांच्या वर आणि आपल्याकडं दोन-अडीच मिनिटं. एवढ्याशा वेळात नमस्कार चमत्कार, पाऊसपाणी आणि चप्पल घालता घालता 'अन् डॉक्टर, पायाला जरा झालंय' असं चालत नाही. तू पत्रात हेच केलंस बघ, पायाचं सगळ्यात शेवटी लिहिलंस. दवाखान्यात रोज हेच होतं, खरं दुखणं माणूस दाराशी गेल्यावर बोलतो, तोवर डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारलेली असते. म्हणून आदल्या रात्री आत्यांना विचारून वहीच्या एका कागदावर लिहून घे, त्यांच्याच शब्दात, आणि ज्याची भीती सगळ्यात जास्त वाटते ते सगळ्यात वर. मोठा कागद नको, तीन-चार ओळी. कागद आत्यांच्या हातात दे, वाचता येत नसेल तर तू वाच पण सुरुवात त्यांना करू दे.

आणि पिशवी. घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या एका पिशवीत घालून ने, पेटीतल्या पण, लपवू नको. मेडिकलमधनं आणलेली अंगदुखीची गोळी पण, कारण तसल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, शुगरच्या माणसाला तर जास्तच. गुडघेदुखीवर कुणी पुड्या दिल्या असतील तर त्या आधी ने. असल्या पुड्यांत स्टेरॉईड घातलेलं सापडलेलं आहे, दोन दिवसात गुडघा मोकळा होतो आणि शुगर आभाळाला जाते, मग सगळे म्हणतात जिलेबी खाल्ली म्हणून वाढली. पुडी एकदम बंद करणं पण धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टरांना दाखवूनच काय ते ठरवा.

तपासणीच्या आधी दोन दिवस भाकरी आणि मेथीवर राहून रिपोर्ट चांगला आणायचा, हे पण करू नका. उपाशीपोटीची शुगर त्यानं खाली दिसेल पण तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, एचबीए१सी, ती फसत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि तेवढ्या दिवसात त्यांना चिकटलेली साखर ती दाखवते. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, मिश्री तर नकोच, लघवीला जाऊन यायचं आणि पाच मिनिटं टेकून शांत बसायचं, जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसलं आणि लगेच पट्टा बांधला तर आकडा चुकीचाच येणार. रक्त द्यायच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, हे आधीच्या भेटीत विचारून ठेव.

डॉक्टरांनी सांगितलेलं बाहेर आलं की निम्मं विसरतं, सगळ्यांचंच, माझं पण दादांच्या वेळी विसरायचं. तिथंच खुर्चीत बसून आत्यांनी परत बोलून दाखवावं, म्हणजे ही पांढरी सकाळी जेवल्यावर, ही छोटी रात्री, ही बंद, बरोबर का डॉक्टर? दहा सेकंद लागतात. आणि नवीन गोळी दिली की विचारायचं ही कशासाठी, कशाची बदलून दिली का वरची वेगळी. ह्यात डॉक्टरांचा अपमान नाही. २०१८ ला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं पेशंटच्या हक्कांची सनद काढली, तिच्यात आजाराची माहिती मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे हक्क म्हणून लिहिलंय, आणि त्याच सनदेत पेशंटची जबाबदारी पण लिहिलीय, डॉक्टरांपासून तब्येतीची माहिती लपवायची नाही.

राहिलं डॉक्टर बदलायचं. डॉक्टर ओरडले ते मला आवडलं नाही, मी हे स्पष्ट लिहिते. ओरडून पेशंट सुधारत नाही, लपवायला शिकतो. पण त्यांनी नऊ वर्षं ह्या बाईला बघितलंय, जुने रिपोर्ट त्यांना माहीत आहेत, आणि गोळ्यांचं खरं त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नाही. नवीन डॉक्टरसमोर पण आत्या 'बरं हाय' च म्हणणार असतील तर मिरज काय आणि पुणे काय. १८९४ ला मिरजेत वॉनलेस नावाच्या डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं तेव्हापासून लांबलांबची माणसं मोठ्या आशेनं ह्या गावात येतात, पण आलेल्या माणसानं तोंड उघडलं नाही तर तिथला डॉक्टर तरी काय करणार. एकदा सगळं खरं त्यांच्यासमोर ठेवून बघा, पिशवी, कागद, मिश्री, सगळं. आत्यांनीच म्हणावं, डॉक्टर, तुम्ही मागच्या वेळी ओरडला त्यानं मला बोलायला भ्या वाटतं. बहुतेक डॉक्टर हे ऐकून खाली बघतात आणि खुर्ची जवळ ओढतात, मी बघितलंय. त्यावर पण ते तसेच वागले, ऐकूनच घेतलं नाही, तर खुशाल बदला, जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्टची फाईल घेऊन जा, त्यात कुणाचा राग धरायचं कारण नाही.

ही आत्यांची तब्येत आहे, त्यामुळं हे उत्तर त्यांना पण वाचून दाखव, पायाचं आणि गोळ्यांचं तर नक्कीच. आणि उद्या तासगावात असो नाहीतर मिरजेत, पाय दाखवून आलात की काय म्हणाले ते मला कळव, मी वाट बघते.